छाट धरून

उपासना संपते, मंडळी चहाला पडवीत जाते
आणि मी दार लोटून घेतो.
थाळी पितळेची, पण मोजणी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात;
माझ्या आधीच्या खजिनदारापासूनची रीत.

दहाच्या नोटा एकीकडे, नाणी एकीकडे,
एखादं संकेश्वरच्या बसचं तिकीटही निघतं.
नोटेवर कानडी वर, मराठी खाली,
मधे तीन भाषा मांडी घालून बसलेल्या,
सगळ्यांचा आकडा एकच.
हे मी एकदा वार्षिक सभेत बोललो. लोक हसले.
मग छपराची वर्गणी काढली, तेव्हा कुणी हसेना.

निपाणीत मी पैसा वासावरून ओळखतो.
वखारवाल्यांचा चेकनं येतो, त्याला वास नसतो,
नाताळच्या रोषणाईखाली नाव तेवढं मोठं लागतं.
दोर्कस आवळेची नोट चार घड्यांची.
उलगडली की तंबाखू थेट टाळूला,
शिंकल्याशिवाय मोजता येत नाही.

मागं ती विचारायला आलेली,
सूप काखेतच, नखांत पानाची हिरवी कड:
"हजार इड्या वळल्या, दादा.
मुकादमानं दीडशे छाट काढली.
दशांश कशाचा धरू?
हजाराचा, का साडेआठशेचा?"

पतपेढीत तीस वर्षं काढलेला माणूस मी.
म्हटलं, हाती पडलं त्याचा. निव्वळ.
ती थोडा वेळ उभी राहिली.
"पर वळल्या हजार.
त्यानं टाकल्या, देवानं तर बगितल्या न्हवं?"
आणि हजाराचाच ठेवून गेली.

मी जमेला लिहिलं.

घरी दुसरी वही आहे, लाल कापडाची.
शेकडा तीन, महिन्याला.
पेन तेच, अक्षराचं वळणही तेच.
मंडळीतल्या कुणाला मी कधी व्याजानं दिलं नाही,
याचा मला अभिमान होता.
कुंपणाबाहेरचा हिशेब वर कुणी बघत नसावं
असं धरून चाललो होतो.

कारखाना तीन आठवडे बंद पडला त्या साली,
थाळी माझ्याच हातात होती.
तिसऱ्या बाकाजवळ दोर्कसनं हात घातला
आणि टाकायच्याऐवजी काढला.
सगळ्यांदेखत, शंभराच्या दोन.
माहेरी फडताळातला डबा काढून
मूठभर साखर घ्यावी, तशी.
"त्याच्याच हायेत," म्हणाली,
आणि पुढच्या ओळीबरोबर गायला लागली.

माझे कान तापले. तिचे नव्हते.

जमा, खर्च, शिल्लक, एवढेच रकाने.
पाळकसाहेब म्हणाले, खर्चात नको लिहू.
मग कशात?
लिहूच नको.
तीस वर्षांत मी एक नोंद सोडली नव्हती.
रात्री खिशातले दोनशे घालून ताळा जुळवला,
आणि दिवा मालवताना आठवलं
हे दोनशे कुठले:
अकोळ नाक्यावरच्या रिक्षावाल्याचं व्याज.
सकाळी ते देवाच्या डब्यात,
अगदी सरळ, बिनवासाचे.

कारखाना सुरू झाला. चौघडी पुन्हा येऊ लागली.
तिनं परत काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परवा लाल वही उघडली,
रिक्षावाल्याच्या नावापुढं बराच वेळ बसलो.
मुदलाला हात लागेना.
व्याज खोडलं; तेही निम्मं,
आणि समासात लिहिलं, छाट.
कुणी काढली ते लिहिलं नाही.

रविवारी जेवायला बसलो की रिबेका म्हणते,
हाताला वास येतोय, साबण लावून या.
जातो. दोनदा लावतो.
घास तोंडाशी नेला की
तरी येतोच.